कोमोच्या तळ्याकाठचा खारा मासा

लुगानो, २७ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल, २६ तारखेला, सांतो स्तेफानोची सुट्टी होती. नाताळचा दुसरा दिवस, इथे आमच्या टिचिनोत, स्वित्झर्लंडच्या या इटालियन बोलणाऱ्या भागात, आणि पलीकडे इटलीतही सगळे घरी. आम्ही तिघं सकाळीच आगगाडीने कोमोला गेलो. जेमतेम चाळीस मिनिटांचा रस्ता. क्यासोला हद्द ओलांडली की इटली. भाषा तीच, फक्त पाकिटातले फ्रँक आत जातात आणि युरो बाहेर येतात.

बाबा, हे व्होल्टाचं गाव, विजेची पहिली बॅटरी बनवणाऱ्याचं. तुम्ही दरवर्षी नववीच्या पोरांना फळ्यावर ज्याचा 'V' काढून दाखवायचात, तो १७४५ साली इथेच जन्मला आणि १८२७ साली इथेच गेला. तळ्याच्या काठावर त्याच्या नावाचं घुमटाचं संग्रहालय आहे, त्याची उपकरणं आत ठेवली आहेत. आम्हाला वेळ पुरला नाही, पण तुमच्यासाठी दारातला फोटो काढला आहे. तुम्ही आलात की आधी तिथेच जाऊ.

मग फ्युनिक्युलरने वर ब्रुनातेला गेलो. सप्तशृंगी गडावरच्या ट्रॉलीसारखीच, पण १८९४ पासूनची. सात मिनिटांत पाचशे मीटर वर. छोटी खिडकीला नाक लावून बसली होती. वरून तळं पोलादासारखं करडं दिसत होतं आणि मागे बर्फाचे डोंगर.

खाली उतरल्यावर देऊळ पाहिलं, म्हणजे इथलं मोठं चर्च, दुओमो. बांधायला १३९६ साली घेतलं ते घुमट चढेपर्यंत तीनशेहून जास्त वर्षं गेली. चौकात भाजलेल्या चेस्टनटचा वास सुटला होता, दिव्यांच्या माळा होत्या, गर्दीही खूप होती.

पण आई, खरं सांगायचंय ते जेवणाचं. एका गल्लीत लहानशी खानावळ मिळाली. पांढरा टेबलक्लॉथ, काचेचे ग्लास. मालकीणबाईंनी सांगितलं, तळ्यातला मासा खायचा तर मिसोल्तीनी घ्या. ताट आलं आणि मी वासानेच थबकले. सुका मासा! आगोने नावाचा मासा, आपल्या पाला माशाच्या कुळातला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला धरतात, साफ करून मिठात ठेवतात, दोरीवर टांगून उन्हात वाळवतात आणि मग डब्यात लॉरेलच्या पानांचे थर देत दाबून ठेवतात. खायच्या वेळी निखाऱ्यावर भाजायचा, कातडं काढायचं, वर व्हिनेगर आणि तेल. सोबत पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट वड्या, त्याही भाजलेल्या.

आजी असती तर म्हणाली असती, "ह्यो तर आमचोच खारो बांगडो!" मला चुलीपाशी बसलेली ती दिसली, पेजेची वाटी आणि निखाऱ्यावरून काढून हाताने झटकलेला बांगडा. घास तोंडात घातला आणि डोळ्यांत पाणी आलं. छोटी विचारत होती, आई तिखट आहे का? मी नाही म्हटलं, पण पुढे काही बोलता आलं नाही.

आई, तुला कधी लिहिलं नाही, पण गेल्या पावसाळ्यात तू बॅगेत घातलेलं सुक्या बांगड्यांचं पाकीट मी अजून उघडलंच नव्हतं. पहिल्या वर्षी एकदा सुकट भाजली, तर वरच्या मजल्यावरून तक्रार आली होती. म्हणून हे पाकीटही तीन पिशव्यांत गुंडाळून फ्रीझरच्या तळाशी. आणि इथून तासाभराच्या आतल्या गावात तोच वास मानाने पानात वाढतात, मालकीणबाई अभिमानाने त्याची कृती सांगतात. त्यांना मी मोबाईलवर आपल्या किनाऱ्यावरचा वाळवणीचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि विचारलं, मीठ किती दिवस लावता?

मला नीट सांगता आलं नाही. आई, तू मला लिहून पाठव. मीठ किती, ऊन किती दिवस, पावसाची सर आली तर काय करता, सगळं. मी इटालियनमध्ये उतरवून त्यांना नेऊन देईन.

रात्री घरी आल्यावर पाकीट काढलं. खिडक्या उघडल्या, दोन बांगडे तव्यावर भाजले, वर खोबरेल आणि कांदा. जावयांनी पेज केली, थोडी पातळ झाली. छोटीने काटे स्वतः काढले.

बाबांनी गुडघ्याचं औषध चुकवू नये. दादा-वहिनींना नमस्कार, बाळाला पापा.

तुमची,
धाकटी