वॉल्व्ह गळतोय, माणूस मात्र चालता-फिरता आहे; मदत आत्ताच हवी

समस्त ग्रामस्थ, मुंबईकर चाकरमानी आणि माहेरवाशिणींना मंडळाचा सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीचे पत्रक तुमच्याकडे वेगळे येईलच. हे आवाहन रुग्णसाहाय्य निधीसाठी आहे आणि मागणी जरा चमत्कारिक आहे. वरवर ठणठणीत दिसणाऱ्या माणसांसाठी आम्हाला पैसे हवेत.

आपल्या पंचक्रोशीत काही जणांच्या हृदयातला महाधमनीचा वॉल्व्ह गळतो. कुणाला लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला, कुणाचा वॉल्व्ह जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्यांचा आहे. विहिरीवरच्या मोटारीचा फूटवॉल्व्ह गळला की चढवलेले पाणी मागे येते, तसे इथे प्रत्येक ठोक्याला पुढे गेलेले थोडे रक्त परत फिरते. ते जादा रक्त सामावताना हृदयाचा डावा खालचा कप्पा मोठा होत जातो, आणि तरीही वर्षानुवर्षे काम निभावून नेतो. म्हणून हा माणूस आंब्याच्या पेट्या उचलतो, रिक्षा चालवतो आणि तपासणीचे नाव काढले की म्हणतो, "मला काय धाड भरलीय?"

घोळ इथेच होतो. दम लागेपर्यंत थांबले तर हृदयाचा स्नायू दुबळा झालेला असू शकतो, आणि मग नवा वॉल्व्ह बसवूनही गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. उगाच घाई करण्यातही शहाणपण नाही. यांत्रिक वॉल्व्ह बसला की रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि पीटी-आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी) तपासणी जन्मभर मागे लागते. टिश्यूचा (प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेला) वॉल्व्ह काही वर्षांनी झिजतो, तरुण माणसात तर लवकरच.

तेव्हा वेळ साधावी लागते, आणि ती कळते २डी इकोवरून, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरून. गळती तीव्र असून त्रास सुरू झाला असेल तर ऑपरेशन लांबवायचे नसते. त्रास नसेल तेव्हा डॉक्टर मुख्यतः दोन आकडे बघतात. एक, ईएफ (डाव्या खालच्या कप्प्यातले किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर जाते ते प्रमाण) ५५ टक्के किंवा त्याखाली आला का (युरोपात ५० धरतात). दुसरा, हृदय आकुंचन पावल्यावर त्या कप्प्याचा व्यास ५० मिलिमीटरच्या पलीकडे गेला का. आपल्याकडच्या बारीक चणीच्या माणसांनी, विशेषतः बायकांनी, ५० ची वाट बघू नये. त्यांच्यासाठी शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे २५ मिलिमीटर असा हिशेब करतात. पृष्ठफळ १.४ चौरस मीटर असलेल्या बाईची मर्यादा मग ३५ वरच येते. रिपोर्टवर नुसते '४०' वाचून "अजून बराच अवकाश आहे" म्हणणाऱ्या घरच्यांनी हे कार्डिऑलॉजिस्टला स्पष्ट विचारावे.

ऑपरेशनच्या खर्चाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. अडते ते त्याच्या आधीच. तीव्र गळतीत सहा महिन्यांनी ते वर्षाने इको करावा लागतो. त्यासाठी मुंबईत परळचे किंवा गोव्यात बांबोळीचे मोठे रुग्णालय गाठायचे, म्हणजे गाडीभाडे आले, सोबतीला माणूस आला आणि दोघांची रोजंदारी बुडाली. बरे वाटत असताना हा खर्च कोण करील? माणूस आयसीयूत पोचला की आपण सगळे धावून पैसे देतो, हा आपल्या गावचा चांगुलपणाच. पण त्यातले थोडे पैसे आधी दिले तर ती धावपळ टळू शकते.

निधीतून इको, प्रवास, ऑपरेशननंतरच्या गोळ्या आणि पीटी-आयएनआरचा खर्च भागवू. सांध्यांचा ताप येऊन गेलेल्या मुलांची तीन-चार आठवड्यांनी घ्यायची पेनिसिलिनची इंजेक्शनेही चुकू देणार नाही. इकोचे पैसे थेट केंद्रात भरू आणि रुग्णांची नावे कुठेही लावणार नाही. देणगी खजिनदारांकडेच द्यावी आणि पावती घ्यावी. हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल.

मुंबईकरांकडून पैशांइतकेच आणखी काही हवे आहे: रुग्णाला दोन रात्री टेकायला खोली, केसपेपरच्या रांगेत उभा राहील असा एखादा तरुण, आणि ऑपरेशनच्या वेळी रक्तदाते. ज्यांना जमेल त्यांनी कार्यकर्त्यांकडे नाव द्यावे.

वॉल्व्हचा दोष कळलेल्यांनी आपले सगळे जुने इको रिपोर्ट मंडळाच्या कार्यालयात आणून दाखवावेत. मागचा आकडा हाताशी नसेल तर कप्पा वाढतोय की नाही, हे डॉक्टरांना सांगता येत नाही.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, ग्रामविकास मंडळ (गाव व मुंबई)