सुमे, मी त्या ओळी गाळल्या

सुमे,
सहा महिने पत्र नाही, रागव हवं तेवढं, पण आधी हे वाच. बाकी ठीक, माझा गुडघा तेवढा कुरकुरतोय.

बाबांना काचबिंदूमुळे आता अजिबात वाचता येत नाही, म्हणून रोज जेवणं झाली की मी त्यांना मिल्टनचं पॅराडाइज लॉस्ट वाचून दाखवते, तीच जुनी कॉपी, तुझ्या पेन्सिलच्या खुणांची. परवा बुक थ्री लागलं. तुला माहितीये तिथे काय येतं. मिल्टन 1652 पर्यंत पूर्ण आंधळा झालेला, अख्खं काव्य दुसऱ्यांना सांगून लिहून घेतलेलं, आणि तिथे तो उजेडाशी बोलतो, की ऋतू फिरून येतात पण माझ्याकडे दिवस परत येत नाही. माझी हिंमतच होईना गं. मी तीसेक ओळी गाळल्या आणि एकदम देव वरून खाली बघतो तिथे उडी मारली.

बाबा शांत ऐकत राहिले. मी थांबले तेव्हा त्यांनी गाळलेल्या सगळ्या ओळी पाठ म्हटल्या, अगदी सावकाश, वर्गात म्हणायचे तशा. मग म्हणाले, झोप आता. चार दिवस झाले, पुस्तकाचं नाव नाही. मी विचारलं वाचू का, तर म्हणे राहू दे, तुझ्या डोळ्यांना ताण नको. मी त्यांना बिचारं समजले, हेच त्यांना लागलंय असं वाटतं, आणि सॉरी म्हटलं तर अजून लागेल. काय करू?

आठवतं, तू कवी ब्लेकची साक्ष काढायचीस, मिल्टन नकळत सैतानाच्याच पार्टीचा, आणि फ्रँकेन्स्टाइन कादंबरीतला तो जीवसुद्धा हेच पुस्तक वाचून स्वतःला सैतानात बघतो म्हणून टेबल आपटायचीस. बाबा म्हणायचे बुक नाइनपर्यंत थांब, सापात शिरताना सैतानाला स्वतःचीच किळस येते. तिथेच तो वड पण आहे, मलबार आणि दख्खनमधला, आदम-इव्ह ज्याची पानं नेसतात, ढालीएवढी म्हणे! बाबांनी खरंच वडाचं पान वर्गात आणलं आणि तू म्हणालीस, सर, याने काय काय झाकणार? बाबाच सगळ्यात जास्त हसले होते.

तुझं नवं ऑफिस कसंय, लेकीची परीक्षा झाली का, सविस्तर लिही.

आणि रविवारी सकाळी फोन कर. डोळ्यांचं काही विचारू नकोस. सर, हीरो सैतानच, एवढंच म्हण आणि मागे हटू नकोस.

तुझी,
मनू