हलशीचं देऊळ हेमाडपंती नव्हे

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आमच्या हलशीवर अर्धं पान आलं, बरं वाटलं, नाहीतर पाऊस लागला की खानापूर तालुका म्हणजे सगळ्यांना नुसते धबधबेच दिसतात. पण फोटोखाली छापलंय 'हेमाडपंती शैलीतील पुरातन मंदिर'. हे कुठनं आणलं हो?

हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, देवगिरीच्या यादवांचा मंत्री, महादेव आणि रामदेवरायाच्या वेळचा, म्हणजे १२६० च्या पुढचा माणूस. आणि हलशीच्या या भूवराह-नृसिंह देवळातला शिलालेख ११६९ चा, गोव्याच्या कदंबांचा राजा शिवचित्त पेरमाडी याच्या काळातला. हेमाडपंत जन्मायच्या आधी देऊळ उभं, तरी नाव त्याचंच! आपल्याकडं काळ्या दगडाचं आणि जरा जुनं दिसलं की झालं, हेमाडपंती म्हणून मोकळे. आमच्या घरातलाच किस्सा सांगतो, भाच्यानं शाळेच्या प्रोजेक्टला तुमच्या पुरवणीतलं कात्रण चिकटवलं, खाली हेमाडपंती लिहिलं आणि पैकीच्या पैकी मार्क घेऊन आला, आता त्याला चुकीचं आहे म्हणून सांगितलं तर पोरगं म्हणतंय पेपरात आलंय मामा, तुमचं काय ऐकायचं.

हलशीचं जुनं नाव पलाशिका. बनवासीच्या जुन्या कदंबांचे ताम्रपट इथंच सापडलेत, ते तर पाचव्या शतकापासूनचे, आणि त्यात जैन मंदिरांना दिलेली दानं आहेत. नंतर गोव्याच्या कदंबांनी हीच आपली दुसरी राजधानी केली. आज गावात जाऊन बघा, शेतं, कौलारू घरं, बस कधी येईल त्याचा नेम नाही आणि मधेच हे देऊळ, शिवाय सुवर्णेश्वर, कपिलेश्वर, हाटकेश्वर वेगळेच. एवढं सगळं असून लोक गाडी काढून थेट बदामी-हंपी गाठतात. घाटाखाली गोव्यात तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ कदंबांच्याच काळातलं, तिथं रविवारी गर्दी असते, हलशीला मात्र एखादा फॅमिली ग्रुप आला तर आला.

हलशीच्या या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकीकडं नृसिंह-नारायण आणि बरोब्बर समोर भूवराह, सुळ्यावर पृथ्वी तोललेला. एकाला हात जोडले की दुसऱ्याला पाठ होते. आमची आज्जी म्हणून मधल्या मंडपात आडवी उभी राहायची आणि मान इकडं-तिकडं करून दोघांना नमस्कार करायची, आम्ही पोरं हसायचो. आता मी पण तसंच करतो. तुमच्या लेखात समोरासमोरच्या गाभाऱ्यांचा एक शब्द नाही, पार्किंगवर मात्र चार ओळी आहेत.

कदंब कानडी का मराठी यावरनं वाद घालणारे आमच्याकडं काय कमी नाहीत, त्यात मला पडायचं नाही, सीमाभागात राहून तेवढं शहाणपण आलंय. निदान कदंब हे नाव तरी छापा की. येत्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती टाकली तरी चालेल, कात्रण मी स्वतः भाच्याच्या वहीत चिकटवतो.

आपला,
एक जुना वाचक
नंदगड परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव