गचका हाताचा नाही, वेळेचा आहे

चि. राजा,
अनेक आशीर्वाद.

गाडी झकास आहे म्हणालास, बरं वाटलं. पण फर्स्टवरून सेकंड टाकताना शेजारी बसलेल्याची मान आधी पुढे जाते आणि मग मागे आपटते, त्यावर तुझा उपाय काय, तर हात अजून चपळ करायचा. तो मात्र करू नकोस. हात आधीच घाईत आहे तुझा. फोनवर हे सांगायला लागले की तू ‘हो हो’ करतोस, म्हणून लिहून पाठवतेय.

तुझ्या एका तक्रारीत खरं तर दोन तक्रारी आहेत. मान पुढे जाते ती गिअर पडण्याआधीच. तू अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आधी काढतोस आणि क्लच मागाहून दाबतोस. त्या मधल्या क्षणात गाडी फर्स्टमध्येच असते आणि इंजिन तिला मागे खेचतं. फर्स्टमध्ये ही ओढ सगळ्यात जास्त. दोन्ही पाय एकदमच हलले पाहिजेत, एक वर, एक खाली. एवढं जमलं की अर्धं दुखणं गेलं.

मान मागे जाते त्याचं कारण वेगळं. क्लचच्या एका बाजूला इंजिन फिरतंय, दुसऱ्या बाजूला चाकांशी बांधलेला गिअरबॉक्सचा शाफ्ट. दोघांचे फेरे सारखे असताना क्लच सोडलास तर पोटातलं पाणी हलत नाही. फेऱ्यांत फरक असला तर तो कुठेतरी जिरावाच लागतो. हळू सोडलास तर क्लचप्लेट घासून जिरतो, झटकन सोडलास तर शेजारच्याच्या मानेत.

फरक किती, तर तुझ्या माझदा एमएक्स-५ च्या सहा गिअरच्या बॉक्सचंच गणित घे. प्रमाण म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे. फर्स्टचं प्रमाण ५.०८७, सेकंडचं २.९९१, थर्डचं २.०३५, चौथ्याचं १.५९४. फर्स्टमध्ये इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा ४००० वर असताना सेकंड टाकलास, तर त्याच वेगाला इंजिन साधारण २३५० वर यायला हवं. थर्डवरून चौथ्यात जाताना मात्र ४००० चे सुमारे ३१३० झाले की पुरे. म्हणून वरचे गिअर तुला आपोआप जमतात आणि फर्स्ट-सेकंडमध्येच अब्रू जाते. खाली उतरायचं अंतर जवळजवळ दुप्पट, आणि तू मात्र दोन्हीकडे सारखीच घाई करतोस.

हे फेरे उतरायला लागणारा वेळ प्रत्येक इंजिनाचा वेगळा. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणारं जड चाक, हलकं असेल तर ते झरझर चढतात आणि झरझर उतरतात. पण आजकालच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत धुराचे नियम पाळायला पाय काढल्यावरही थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, लगेच मिटत नाही, काटा क्षणभर वरच रेंगाळतो. तुझ्या गाडीचं काय ते पुस्तकात शोधू नकोस. गाडी मोकळ्या जागी उभी कर, इंजिन गरम होऊ दे, न्यूट्रलमध्ये क्लच दाबून ४००० पर्यंत रेस दे आणि पाय काढ. आवाज कसा उतरतो ते ऐक. २३५० च्या आसपास तो कसा लागतो ते कानात बसेपर्यंत ऐकत राहा. शेजारीपाजारी वैतागणार नाहीत अशा ठिकाणी, अर्थात. फर्स्टवरून सेकंडला जाताना तुझ्याकडे तेवढाच वेळ असतो, कमी नाही आणि जास्तही नाही. लवकर क्लच सोडलास तर गाडी पुढे उसळते, उशीर केलास तर नाक खाली घालते. कुठलं झालं हे ओळखता आलं की पुढचा गिअर टाकताना काय बदलायचं ते शिकवायला कोणी लागत नाही.

बाबा म्हणतील काट्याकडे बघ. ऐकू नकोस त्यांचं. डोळे रस्त्यावर ठेव, काट्याचं काम कानाला दे.

आता हाताबद्दल. तू गिअरचा दांडा मुठीत आवळतोस, हे मी तुझ्याशेजारी बसून पाहिलंय, अंगठ्याची पेरं पांढरी पडतात. गरज नाही. गिअरबॉक्समधल्या स्प्रिंगा दांड्याला आपणहून मधल्या रांगेत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत आणून सोडतात. सेकंडवरून थर्डला जाताना दांडा न्यूट्रलपर्यंत आण, बोटं सैल सोड, तो स्वतःच मध्ये येईल, मग तळव्याने सरळ पुढे ढकल. आवळून वळवायला गेलास की तो भलत्या रांगेत जातो. यातली एक चूक फार महागात पडते. थर्डमध्ये ६५०० वर असताना चौथ्याऐवजी सेकंड पडला, तर क्लच सोडताच चाकं इंजिनाला साडेनऊ हजारांवर फिरवायला बघतात. इंजिन फार पळू नये म्हणून कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो खरा, पण चाकांनी ओढलेल्या इंजिनाला तो थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले की गाडी उघडावी लागते. म्हणून चौथा टाकताना दांडा स्वतःकडे किंवा दूर ओढायचाच नाही, सरळ मागे.

दांडा अर्ध्या वाटेवर किंचित अडतो, तिथे धक्का मारू नकोस. आत शंकूच्या आकाराची, बहुधा पितळेची, एक कडी गिअरला घासून त्याचा वेग शाफ्टच्या वेगाशी जुळवत असते. तिचं काम झालं की दांडा लोण्यासारखा आत जातो. तोवर नुसता हलका दाब ठेवायचा. ही सिंक्रोमेशची सोय कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणली. त्याआधीच्या चालकांना दर गिअरला दोनदा क्लच दाबून हे सगळं पायांनी जुळवावं लागे, तुला निदान ते करायचं नाही. सकाळी पहिल्यांदा गाडी काढलीस की सेकंड जास्त अडेल. ते बिघाडाचं लक्षण नाही, गिअरबॉक्सचं तेल थंड आणि घट्ट असतं. समोरचा तापमानाचा काटा इंजिनाच्या पाण्याचा आहे, गिअरबॉक्स त्याच्यानंतर बराच वेळ घेतो. तोवर सावकाश.

गिअर उतरवताना सगळं उलटं. थर्डमध्ये ३००० वर असताना सेकंड हवा असेल, तर इंजिन ४४०० वर चढवावं लागतं. क्लच दाब, दांडा सेकंडला आण, क्लच दाबलेलाच असताना अ‍ॅक्सिलरेटरला एक छोटी टिचकी दे, आवाज चढला की क्लच सोड. टिचकी म्हणजे टिचकी, लाथ नव्हे. निस्सानच्या ३७०झेडमध्ये २००९ च्या मॉडेलपासून कॉम्प्युटरच ही रेस देतो, नंतर इतरांनीही ते उचललं. तुझ्या गाडीत ती सोय नाही याचं मला बरंच वाटतं. ती असती तर कान तयार झाले नसते. मात्र ही गोष्ट नुसत्या ऐटीची समजू नकोस. तुझ्या गाडीला ओढ मागच्या चाकांची आहे. ओल्या रस्त्यावर, वळणात, रेस न देता सेकंड टाकून क्लच सोडलास तर इंजिन मागची चाकं एकदम आवळतं आणि गाडीचा मागचा भाग बाहेर निघतो. पावसात वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच गिअर उतरवून मोकळा हो.

बाकी फुटकळ. गिअर टाकून झाला की डावा पाय क्लचवरून पूर्ण काढ. तो वर टेकवून ठेवलास तर बेअरिंग झिजतं आणि प्लेट नीट धरत नाही. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नकोस, हँडब्रेक कशाला आहे? दांड्यावर हात विसावायचीही सवय नको, आत गिअर सरकवणारा फोर्क त्याने झिजतो. सीट इतकी पुढे घे की क्लच तळाला टेकला तरी गुडघा थोडा वाकलेलाच राहील.

टाच आणि पंजा एकाच वेळी वापरून ब्रेक लावता लावता रेस द्यायची ती करामत तुला शिकायची आहे, मला ठाऊक आहे. आत्ता नाही. साधी टिचकी न चुकता जमू लागली की त्याकडे वळ, आणि तेही आधी गाडी उभी ठेवून, इंजिन बंद करून. बहुतेकांची टाच अ‍ॅक्सिलरेटरपर्यंत पोचतच नाही. पंजाचा आतला भाग ब्रेकवर ठेवून बाहेरची कड अ‍ॅक्सिलरेटरवर कलती करणं सोपं जातं. ब्रेकवरचा दाब मात्र तसूभरही हलता कामा नये, नाहीतर शेजारच्याची मान पुन्हा कामाला लागायची. ते जाड तळव्याचे बूट त्या दिवशी घरी ठेव. त्यांतून पेडल कळतच नाही.

तुझी,
आई