सात-आठ तारांची गिटार घेण्याआधी हे वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला कॉलेजच्या बँडवरचा लेख वाचला, आवडला, मुलांचे फोटोही मस्त आलेत. एका फोटोत आठ तारांची गिटार दिसली आणि खाली साधारण अशा अर्थाचं लिहिलं होतं की तारा जास्त म्हणून आवाज जड. एवढंच वाचून एखादं पोरगं उद्या आईबाबांना घेऊन थेट दुकानात जाईल, म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी कोथरूडला गिटार शिकवतो, आणि लोकांच्या गिटारी सेटअप करून देतो, म्हणजे तारांची उंची, ताण, सूर नीट बसवून देतो. हल्ली सात तारांची गिटार घेऊन येणारी मुलंमुली बरीच वाढलीत, आठवालेही येतात. त्यातल्या कितीतरी गिटारी वर्ष व्हायच्या आत कपाटावर जातात आणि घरी बोलणी खातं ते पोरगं, की हौस फिटली, पैसे वाया गेले. मला हे अजिबात पटत नाही. हौस खरी असते हो, पण हे वाद्य वेगळं आहे आणि सहा तारांच्या सवयी यावर तशाच्या तशा चालत नाहीत हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. या गिटारवर एका वेळी वाजवायच्या तारा एक-दोन असतात आणि गप्प ठेवायच्या पाच-सहा, त्यामुळे निम्म्याहून जास्त रियाज हा नको त्या तारा न वाजू देण्याचा आहे. माझं मुख्य म्हणणं हेच आहे.

ही काही कालची फॅशन नाही. जॅझवाले जॉर्ज व्हॅन एप्स यांनी १९३८ च्या सुमारास एपिफोन कंपनीकडून सात तारांची गिटार बनवून घेतली होती, सगळ्यात जाड तार ए सुराला लावायचे. रशियात तर त्याच्याही कितीतरी आधीपासून सात तारांची गिटार आहे. रॉकमध्ये ती आली १९९० ला, आयबानेझ कंपनीने गिटारवादक स्टीव्ह वायसाठी युनिव्हर्स नावाची गिटार काढली तेव्हा, आणि १९९४ मध्ये कॉर्न या बँडचा पहिला अल्बम आल्यावर जगभरची पोरं वेडी झाली. आठ तारांचं वेड स्वीडनच्या मेशुगा या बँडमुळे. गंमत बघा, २००२ च्या अल्बमसाठी त्यांनी आठ तारांच्या गिटारी बनवून घेतल्या होत्या पण त्या नीट चालल्याच नाहीत, शेवटी सात तारांच्याच गिटारींचे सूर खाली उतरवून रेकॉर्डिंग केलं, आणि २००६ ला त्याच अल्बममधल्या गिटारी आठ तारांवर पुन्हा वाजवून काढल्या. म्हणजे एवढ्या तयारीच्या माणसांनासुद्धा वाद्य साथ देत नसेल तर काही करता येत नाही, मग अठरा वर्षांच्या मुलाला दुकानातून आणलेल्या गिटारवर सेटअपशिवाय सूर लागत नसेल तर त्यात त्याचा काय दोष?

आधी ताणाचं बोलतो. सहा तारांच्या गिटारची सगळ्यात जाड, ई सुराची तार साधारण ८२ हर्ट्झला असते, सात तारांची बी ६२ ला, आणि आठव्या तारेचा एफ शार्प ४६ च्या आसपास. तीच तार, तेवढीच लांबी ठेवून सूर खाली आणला की ताण सुराच्या हर्ट्झच्या वर्गाच्या हिशोबाने कमी होतो, म्हणजे नेहमीची ४६ गेजची (गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) ई तार उतरवून बी ला आणली तर तिच्यात जेमतेम ५६ टक्के ताण उरतो. तार लोंबायला लागते, फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते, आणि जोरात पिक मारला की सूर आधी चढतो मग खाली येतो. मुलाला वाटतं आपला हात बेसूर आहे. हाताचं काही नसतं, तार ढिली असते. साडेपंचवीस इंच स्केलला (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी) बी साठी ५९ ते ६२ ची तार हवी, एफ शार्पसाठी ७४ ते ८०. लांबी वाढवली तरी ताण वाढतो, साडेपंचवीसवरून २७ इंच केले तर त्याच तारेला त्याच सुरात साधारण १२ टक्के ताण जास्त मिळतो, म्हणून आठ तारांच्या गिटारी बहुतेक २७ च्या असतात. तिरक्या फ्रेटच्या गिटारी दिसतात ना, त्यातही हाच विचार, जाड तारांना लांबी जास्त, बारीक तारांना कमी. दिसायला अवघड वाटतात पण बोटांना आठवड्याभरात सवय होते असा माझ्याकडच्या मुलांचा अनुभव आहे. घेताना स्केल विचारा. रंग नंतर बघा.

तार बदलताना जाड तारेचं टोक आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा, सरळ कापलं तर वरचं वेटोळं आतल्या तारेवरून सरकतं आणि नवी कोरी तार मेल्यासारखी वाजते. गेज वाढवलं की नटची, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीची, खाच तेवढी रुंद करून घ्यावी लागते, नाहीतर तार खाचेत बसत नाही, वरच राहते, आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर चढा येतो. इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर येईल अशी जुळवणी, पुन्हा करावं लागतं, जाड तारेचं सॅडल (तार बॉडीकडे जिथे टेकते तो तुकडा) बरंच मागे घ्यावं लागतं. हे घरी करू नका, खाच एकदा खोल गेली की नट बदलावाच लागतो.

पुण्याच्या हवेचंही सांगायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये इथली हवा कोरडीठाक असते आणि जुलैत भिंतींनासुद्धा ओल येते, लाकूड त्याप्रमाणे आकसतं-फुगतं, आणि रुंद नेक (गिटारची दांडी) आणि सात-आठ तारांचा एकत्र ताण म्हटल्यावर नेकचा बाक बदलतोच. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथे, अशी एकाच वेळी दोन ठिकाणी दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तारेखाली फट किती राहते बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी असेल तर ठीक. खूप जास्त असेल किंवा अजिबात नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवायचा, पण एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही, आणि मग थोडं थांबून परत बघायचं. पाना घेऊन जोर लावणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नको.

आता म्यूटिंग, म्हणजे नको त्या तारा गप्प ठेवणं, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

आपल्या पुणेकरांच्या कानाला तारांचा झंकार आवडतो, सवाईला बसून तंबोरा ऐकत मोठे झालेलो आपण, सतारीच्या तरफा (खालच्या बारीक तारा) मुद्दाम आपोआप वाजाव्यात म्हणूनच लावलेल्या असतात. पंडित विश्वमोहन भट्टांनी गिटारची मोहनवीणा केली तीही तरफा लावून, आणि १९९४ ला ग्रॅमी मिळवलं. तिथे तो झंकार म्हणजे जीव आहे. पण इलेक्ट्रिक गिटारवर डिस्टॉर्शन (आवाज फाटका, करकरीत करणारा परिणाम) लावलं की बारीकातला बारीक आवाज मोठा होऊन बाहेर येतो, आणि मोकळी बी किंवा एफ शार्प तार जरा जरी हलली तरी सगळ्याखाली एक घोंघाट सुरू राहतो. सहा तारांवर बरीच मुलं डाव्या हाताचा अंगठा वरून काढून जाड ई ला टेकवतात, तेवढ्यावर भागतं. सात तारांची नेक नटपाशी साधारण ४८ मिलिमीटर रुंद, आठची ५५ च्या आसपास, सहाची ४२-४३. इथे अंगठा वरून पोचत नाही, पोचवायला गेलं तर मनगट मुडपतं आणि मग दुखणं सुरू.

म्हणून काम वाटून घ्यायचं. वाजतेय त्यापेक्षा जाड ज्या तारा आहेत त्या उजव्या तळव्याच्या कडेने दाबून ठेवायच्या, पाम म्यूटला (तळवा टेकवून तार दबकी वाजवताना) हात ठेवतो तसाच, फक्त वाजत्या तारेला लागू द्यायचा नाही. डाव्या तर्जनीचं टोक लगतच्या जाड तारेला हलकं टेकलेलं हवं, आणि तर्जनीचं बाकीचं पेर खालच्या बारीक तारांवर नुसतं आडवं पडलेलं, दाबायचं नाही. हे वाचून कळणार नाही, करून बघा. मी मुलांना एकच व्यायाम देतो, तिसऱ्या तारेवर कुठलाही एक सूर धरायचा आणि उजव्या हाताने सगळ्या तारांवरून पूर्ण जोरात पिक फिरवायचा, वरून खाली आणि परत. सूर एकच यायला हवा, बाकी नुसती खट् असा आवाज. मग तोच सूर दुसऱ्या तारेवर, मग पाचव्या. रोज दहा मिनिटं केलं तरी पुष्कळ. नटजवळ केसांचं रबर किंवा फडकं बांधतात ते टॅपिंगला (बोटांनी तारांवर ठोकून वाजवण्याला) आणि रेकॉर्डिंगला चांगलं आहे, पण शिकताना बांधलंत तर हाताला काही कळतच नाही, आणि मोकळी तार वाजवायची वेळ आली की अडतं.

सुरुवातीला आणखी एक होतं, हात चुकीच्या तारेवर पडतो, कारण इतकी वर्षं सगळ्यात वरची तार म्हणजे ई हे डोक्यात बसलेलं असतं. यावर उपाय म्हणजे पहिले काही दिवस सातवी तार वाजवूच नका, येणारी गाणी तशीच सहा तारांवर वाजवा आणि सातवी फक्त गप्प ठेवा. मुलांना हे ऐकून वाईट वाटतं, त्या तारेसाठीच तर गिटार घेतलेली असते! पण यानेच हात बसतो. बसताना गिटार डाव्या मांडीवर घ्या, क्लासिकलवाले घेतात तशी, पट्टा लहान ठेवा, अंगठा नेकच्या मागे मधोमध. गुडघ्यापर्यंत गिटार लोंबवून आठ तारा वाजवणं फोटोत छान दिसतं, मनगट मात्र कायमचं दुखावू शकतं. दुखलं की थांबायचं, दुखण्यावरून रियाज करायचा नाही, इथे पालकांनीही जरा लक्ष द्यावं.

गेनबद्दल, म्हणजे आवाज किती फाटेल ते ठरवणाऱ्या बटणाबद्दल. जड आवाज पाहिजे म्हणून गेन पूर्ण आणि बास पूर्ण, हे सर्रास चालतं, आणि मग आवाज जड होण्याऐवजी चिखल होतो. गिटारचा स्पीकर मुळात एवढं खालचं वाजवतच नाही. सेलेशन कंपनीचा व्हिंटेज ३० हा स्पीकर घ्या, कंपनीच्याच कागदावर त्याची रेंज ७० ते ५००० हर्ट्झ आहे, म्हणजे ४६ हर्ट्झचा मूळ सूर त्यातून जेमतेमच येतो, आपण ऐकतो ते त्याचे वरचे स्वर. मग अँपचा बास वाढवून फक्त धूसरपणा वाढतो. अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमरसारखा पेडल, ड्राइव्ह जवळजवळ शून्य आणि लेव्हल भरपूर, असा लावतात तो खालचं छाटायलाच लावतात. गेन वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा, मिड्स (मधले स्वर) मारू नका, आणि सगळ्यात जाड तारेवर नेहमीचा पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांचा जोडसूर) सारखा सारखा नको, तिथे सुटे सूर किंवा ऑक्टेव्ह जास्त स्वच्छ लागतात. म्यूटिंग तपासायला डिस्टॉर्शन लावा, लय तपासायला क्लीनवर वाजवा.

ट्यूनिंग करताना मोबाइलच्या माइकला एफ शार्प नीट सापडत नाही, केबल लावून ट्यूनर वापरा, नेक पिकअपवर ठेवून टोन कमी करा, नाहीतर बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून येणारा वरचा सूर, म्हणजे हार्मोनिक, वाजवा. आणि जेवढ्या जोरात गाण्यात वाजवता तेवढ्याच जोरात वाजवून लावा.

याला जोडूनच विजेचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिची गुणगुण जी आणि जी शार्पच्या मधोमध येते, बरोबर आठ तारांच्या गिटारच्या खालच्या सुरांत. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत किंवा जुन्या इमारतींत अर्थिंग धड नसतं, तिथे ही गुणगुण पिकअपमधून येतच राहते आणि मुलं नॉइज गेट (बारीक आवाज बंद करणारं यंत्र) इतका घट्ट करतात की सुराची शेपटीच कापली जाते. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग बघून घ्या, तीन पिनांचा प्लग मोडून दोन पिनांत घालू नका. यात आवाजाचा प्रश्न आहेच पण शॉक बसायचाही आहे, हातात धातूच्या तारा असतात.

राहिला बेसवाला. फिरोदिया करंडक स्पर्धेच्या तालमी असोत की बँडच्या, हे भांडण मी दर वर्षी ऐकतो, की बेस ऐकू येत नाही. बेसची ई ४१ हर्ट्झला, आठव्या तारेचा एफ शार्प ४६ ला, दोघांत एका टोनचंच अंतर. बेसवाला गिटारच्या त्या एफ शार्पच्या एक ऑक्टेव्ह खाली गेला तर २३ हर्ट्झ होतात, तेवढं कॉलेजच्या साउंड सिस्टीममधून निघत नाही. तेव्हा गिटारवाल्याने शंभर हर्ट्झच्या खालचं आपल्या ईक्यूवर (आवाजाचे वर-खालचे पट्टे कमी-जास्त करण्याच्या बटणांवर) कापावं आणि ती जागा बेसला द्यावी, आणि कुठल्या भागात दोघं एकाच सुरात आणि कुठे वेगळे, हे तालमीच्या आधी कागदावर लिहून घ्यावं, ड्रमरलाही बरोबर बसवून, कारण किक ड्रमही तिथेच वाजतो.

कळावे,
आपला,
एक गिटार शिक्षक, कोथरूड, पुणे