हाऊसबोटीचा मैला उतरवणार कुठे?

महोदय,

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणातल्या जलपर्यटनाचा विषय निघाला की हाऊसबोटीत खोल्या किती, एका रात्रीचं भाडं किती, यावरच चर्चा रंगते. बोटीवरचा संडास कुठे रिकामा होणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

हिशेब सरळ आहे. बोटीवर चार माणसं, प्रत्येकी दिवसातून पाच वेळा, आणि घरच्यासारखा ६ लिटरचा फ्लश. रोजचे १२० लिटर झाले. २०० लिटरची मैलाटाकी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत काठोकाठ. मग रात्री अंधारात व्हॉल्व्ह उघडला जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. लिटरभर पाण्यावर चालणारा, हवेच्या ओढीने मैला खेचणारा व्हॅक्यूमचा संडास बसवला तर तीच टाकी आठवडाभर पुरते. तो महाग पडतो, म्हणून निविदेतच तशी अट हवी. पाण्यात मैला सोडणारं भोक बोटीला ठेवूच नये. सील लावलेला व्हॉल्व्ह ही पळवाट आहे.

टाकीच्या हवा-नळीतही कंजुषी होते. अर्ध्या इंचाची एकच नळी टाकली की आत हवा खेळत नाही, मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि पाहुणे वासाने हैराण होतात. दीड इंची दोन नळ्या, बोटीच्या दोन विरुद्ध बाजूंना काढल्या तर वारा आरपार जातो. किनाऱ्यावर उपसा पंप आणि तिथून प्रक्रिया केंद्रापर्यंत टँकर, एवढी सोय हवीच. काठावर शोषखड्डा खणणं म्हणजे तोच मैला झिरपत जलाशयात परत पाठवणं.

तसाही आपण नागपूरकर तिथे कमी घाण पाठवत नाही. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत उतरतं आणि त्यावर जलपर्णी पोसते. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी ओढणाऱ्या बोटीची जाळी या जलपर्णीच्या मुळांनी तुंबते. पाणी थांबलं की पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, कोरडा फिरतो आणि थोड्याच वेळात त्याची पाती तुटतात. नवा इम्पेलर टाकूनही इंजिन तापत राहिलं, तर जुन्या पात्यांचे तुकडे पुढच्या नळीत अडकलेले असतात. तुटलेली पाती मोजून तेवढे तुकडे हाती लागेपर्यंत नळ्या जोडू नयेत. त्यापेक्षा इंजिनातलंच पाणी बोटीच्या तळाला बसवलेल्या बंदिस्त नळ्यांतून फिरवावं. जाळी आणि तो पंप, दोन्हींची कटकट मिटते.

गॅसचंही तसंच. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर बोटीच्या तळाच्या पोकळीत साचतो आणि तिथला पाणी उपसणारा पंप सुरू होताना एक ठिणगी पुरते. सिलिंडर डेकवर, तळाशी बाहेर उघडणारी नळी असलेल्या पेटीतच ठेवावा. मे महिन्यात एसीसाठी रात्रभर जनरेटर चालणार, तेव्हा प्रत्येक खोलीत त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूचा इशारा देणारा अलार्म हवाच.

अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ मध्ये नोंदणी आणि तपासणीबरोबर प्रदूषण रोखण्याच्याही तरतुदी आहेत. परवाने वाटण्याआधी जलाशयाकाठच्या अंभोऱ्याच्या बाजूला उपसा केंद्राची जागा ठरवावी, तिथे दिवसाला किती टाक्या रिकाम्या होऊ शकतात ते मोजावं आणि त्या हिशेबानेच बोटींची संख्या ठरवावी.

— एक वाचक, नागपूर