त्या अर्जावर माझी सही नव्हती

सोलापूर,
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय सुमे,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ओपीडीत मुलींना घेऊन उभी होते. 'रात्री बोलते' म्हटलं आणि बोललेच नाही, कारण जे सांगायचं होतं ते फोनवर जमलं नसतं. आज रविवार, घरातले सगळे जेवून झोपलेत, म्हणून लिहायला बसले.

जूनपासून आमच्या नर्सिंग कॉलेजच्या तक्रार निवारण समितीचं काम माझ्याकडे आलंय. आधीच्या मॅडम निवृत्त झाल्या आणि जाताना त्यांनी मला एक फाइल दिली. फाइल अगदी नीटनेटकी. तीन महिन्यांनी एक बैठक, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात तेच वाक्य: 'या कालावधीत एकही तक्रार प्राप्त झाली नाही.' मॅडम चांगल्या आहेत, त्यांनी हे अभिमानाने दाखवलं. इन्स्पेक्शनला हीच फाइल पुढे ठेवायची असते. मी मात्र ती घरी आणून रात्री पानं उलटत बसले आणि मला तुझाच अर्ज आठवत राहिला. दोन-अडीचशे मुली, तीन शिफ्टमध्ये वॉर्डातली पोस्टिंग, होस्टेल, मेस, बस, आणि वर्षानुवर्षं एकही तक्रार नाही? आपल्या वेळच्या फाइलमध्येही असंच लिहिलेलं असणार गं. तुझा अर्ज त्या फाइलपर्यंत पोचलाच नव्हता.

२०१२ची दिवाळी नुकतीच झाली होती. सेकंड इयर, मेल सर्जिकल वॉर्डची पोस्टिंग, आणि तो लिफ्टवाला. तू फुलस्केपवर दीड पान लिहिलंस. इन्चार्ज सिस्टरनी वाचून परत दिलं, 'तुम्ही स्टुडंट, तुमच्या कॉलेजला द्या.' कॉलेजने सांगितलं, 'माणूस हॉस्पिटलचा आहे, आम्ही काय करणार?' मग कुणीतरी म्हटलं, पाच-सहा मुलींच्या सह्या असतील तर बघू. त्या रात्री तू आमच्या खोलीत आलीस. मी 'उद्या करते' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच, तू उठायच्या आत, ड्युटीला निघून गेले. माझं प्रोसिजर बुक मॅडमकडे अडकलं होतं, अकरा प्रोसिजरच्या सह्या बाकी होत्या. तुझे बाबा मंगळवेढ्याहून एसटीने आले आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते, ते मी जिन्यातून पाहिलं. खाली आले नाही. 'मुलीला समजवा' असं ऐकून ते परत गेले. लिफ्टवाला तिथेच राहिला आणि पोस्टिंग तुझी बदलली.

तेव्हा कायदा कुठे होता, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खोटं होतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा यायचा होता हे खरं, पण सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७चा. कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवी हे तेव्हाच सांगून झालं होतं. आपल्यापैकी कुणाला ते माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांनी सांगितलं नाही.

आता मी कायदा अक्षरन् अक्षर वाचला. तुझा अर्ज आज आला असता तर काय झालं असतं, हेच डोक्यात ठेवून वाचला. २०१३च्या कायद्यात कामाचं ठिकाण म्हणजे हॉस्पिटलही आलं आणि शिक्षणसंस्थाही आली. बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. म्हणजे 'तुम्ही स्टुडंट' म्हणून अर्ज परत करायची सोयच नाही. हॉस्पिटलच्या अंतर्गत समितीला तो घ्यावाच लागला असता. तक्रार तीन महिन्यांत करायची, पण कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. मुलीला लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची. चौकशी ९० दिवसांत संपवायची. समितीची अध्यक्ष बाईच, निम्म्या तरी बायका, आणि एक सदस्य बाहेरचा. समितीच नेमली नाही तर संस्थेला ५० हजारांपर्यंत दंड. 'मिटवून घ्या' असं म्हणायचा अधिकार समितीला नाही. मुलीने स्वतः मागितलं तरच समझोता, आणि तोही पैशावर नाही.

पण सुमे, ज्या ओळीपाशी मी थांबले ती त्याच कायद्याच्या नियमांमधली, आठव्या नियमातली. चौकशी चालू असताना, तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो शिक्षणसंस्थेत त्या मुलीच्या अभ्यासावर देखरेख करत असेल तर ती काढून घेता येते. आपल्या शिक्षणात सगळं सहीवर अडतं हे बाहेरच्यांना कळतच नाही. लॉगबुकवर सही, केस स्टडीवर सही, इंटर्नल मार्क त्याच हातात, आणि डिग्री मिळायच्या आधी क्लिनिकलची हजेरी १०० टक्के. एक दिवस पोस्टिंग चुकवली तरी ती भरून काढायची. ज्याची भीती वाटते त्याच्याच वॉर्डात मुलीला रोज हजर राहावं लागतं, आणि त्याच्याच किंवा त्याच्या मैत्रीतल्या कुणाच्या तरी सहीवर तिचं वर्ष अवलंबून असतं. मी अकरा सह्यांना घाबरले होते. माझ्या मुली बावीस सह्यांना घाबरत असतील.

म्हणून पहिलं काम मी तेच केलं. प्रिन्सिपल मॅडमना तो नियम वाचून दाखवला आणि विचारलं, आपण तक्रारीची वाट कशाला बघायची? आता प्रत्येक पोस्टिंगला दोन इन्स्ट्रक्टरची नावं लागतात आणि मुलगी दोघांपैकी कुणाकडूनही सही घेऊ शकते, कारण सांगायची गरज नाही. काही सहकाऱ्यांना हे आवडलं नाही. 'मुली शेफारतील' म्हणाले. एका सरांनी मात्र बाजूला घेऊन मनापासून विचारलं की उद्या खोटी तक्रार झाली तर माझं काय? त्यांची भीती मला खरी वाटली. त्यांना कलम १४ दाखवलं. जाणूनबुजून खोटी तक्रार केली हे चौकशीत सिद्ध झालं तर कारवाई होते, पण नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. ते बराच वेळ ते पान बघत राहिले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून त्या यादीत नाव द्यायला आले.

मग तक्रार पेटी. प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनच्या दाराशेजारी, शिपायाच्या खुर्चीसमोर, वर सीसीटीव्ही. किल्ली कुणाकडेच नव्हती, शेवटी किल्लीवाल्याला बोलावून उघडली. आत धूळ, दोन चॉकलेटचे कागद आणि एक टीपीआर चार्ट, पेशंटचा ताप-नाडी-श्वास नोंदवायचा तो, चार घड्या घातलेला. तापमानाच्या रकाने आखलेल्या बाजूला काहीच नाही. मागे निळ्या पेनने: 'इव्हिनिंग सुटल्यावर लाँड्रीच्या मागून यायला भीती वाटते. दिवे लावा प्लीज.' नाव नाही, तारीख नाही. चार्टचा नमुना जुना होता, दोन वर्षांपूर्वी बदललेला. ती मुलगी कुठल्या बॅचची होती, आता कुठे नोकरी करते, मला माहीत नाही. दोन वर्षं तरी ती चिठ्ठी तिथे पडून होती.

त्याच आठवड्यात थर्ड इयरच्या दोन मुलींना घेऊन मी इव्हिनिंग शिफ्ट सुटल्यावर वॉर्डपासून होस्टेलपर्यंत चालत आले. नऊ खांब, तीन दिवे चालू. लाँड्री आणि जनरेटरच्या मधला तुकडा पूर्ण काळोखात, तिथे नातेवाईक आणि कोण कोण बसलेले. मुलींनी मोबाइलचा टॉर्च न लावताच पावलं मोजली, बहात्तर. टॉर्च का नाही लावत, विचारलं. म्हणाल्या, 'मॅडम, लावला तर आपण एकट्या आहोत हे लांबून कळतं.' मी इतकी वर्षं या आवारात वावरते आणि हे मला ठाऊक नव्हतं.

खांबांचा नकाशा आणि ती बहात्तर पावलं लिहून दिली, तर चार दिवसांत दिवे लागले. तोपर्यंत आमच्याकडे सुरक्षा म्हणजे काय होतं, सांगू? २०२४च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये त्या शिकाऊ डॉक्टरवर जे झालं, त्यानंतर सगळे हादरले आणि इथे होस्टेलचं गेट साडेसहाला बंद व्हायला लागलं. ती मुलगी हॉस्पिटलच्या आतच होती, ड्युटीवर होती. अरुणा शानबागही केईएममध्ये ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली होती, २७ नोव्हेंबर १९७३ला. नंतर ४१ वर्षं, २०१५ला ती गेली तोपर्यंत, तिथल्याच नर्सेसनी तिला सांभाळलं. गेटची वेळ अलीकडे आणून या दोघींपैकी कुणाला काय उपयोग झाला असता? आमच्या मुली वॉर्डात लिननच्या खोलीत, पडदा ओढून युनिफॉर्म बदलत होत्या, आतून कडी नाही. आता कडी लागलीय. आठशे रुपयांचं काम होतं ते.

पेटी कुठे लावायची ते मुलींनाच विचारलं. होस्टेलच्या तळमजल्यावर, मेसच्या हात धुवायच्या जागेशेजारच्या बोळात, जिथे दिवसातून तीनदा प्रत्येकीला जावंच लागतं आणि कॅमेरा नाही. कुलपं दोन, एक किल्ली माझ्याकडे, दुसरी समितीतल्या बाहेरच्या बाईंकडे. चिठ्ठी आली की तिला नंबर द्यायचा आणि दर शनिवारी बोर्डावर उत्तर लावायचं, नाव न घेता.

पहिल्या महिन्यात चौदा चिठ्ठ्या आल्या. पाण्याचा फिल्टर, भाताला वास, बसमध्ये उभं राहून यावं लागतं. स्टाफरूममध्ये म्हणाले, 'बघा, एवढ्यासाठी पेटी?' मला तसं वाटलं नाही. फिल्टर दोन दिवसांत बदलून घेतला, तारखेसह बोर्डावर लावलं. मुली आपल्याला जोखत होत्या गं. आधी फिल्टरचं लिहून बघायचं, कुणी अक्षर ओळखायला वर्गात वह्या मागवतं का बघायचं. दुसऱ्या महिन्यात वेगळ्या चिठ्ठ्या यायला लागल्या. सीनियर आपल्या केस स्टडीच्या फायली ज्युनियरकडून रात्री दोन-दोनपर्यंत लिहून घेतात, ही एक. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९च्या नियमांत हे सरळ रॅगिंगच आहे, आपण मात्र त्याला रीत समजून लिहीत बसायचो. दुसरी, फी थकली म्हणून दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट अडकवल्याची. ती मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली, आई विड्या वळते, शिष्यवृत्तीचे पैसे यायचे होते. मूळ कागद असे अडकवता येत नाहीत, ते यूजीसीच्याच २०२३च्या विद्यार्थी तक्रार नियमांत तक्रारीचं कारण म्हणून लिहिलेलंच आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत निकाल द्यायचा, नाही पटला तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे. तिला लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. आई स्वतः येऊन मार्कशीट घेऊन गेली. तेलुगूत काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही, पण ती माझा हात सोडत नव्हती.

आणि पाचव्या आठवड्यात एक चिठ्ठी आली तिच्याबद्दल मी तुलाही काही लिहिणार नाही. वर्ग नाही, वॉर्ड नाही. कायद्यानेच बंदी आहे, आणि नसती तरी लिहिलं नसतं. चौकशी चालू आहे एवढंच. पोस्टिंग या वेळी तिची बदललेली नाही.

सगळं झालंय असं समजू नकोस. हॉस्पिटलबरोबरच्या करारात एक कलम घालायचंय, की विद्यार्थिनीची तक्रार दोघांपैकी कुणाकडेही आली तर ती घ्यायची आणि दुसऱ्याला त्याच दिवशी कळवायचं. मसुदा ट्रस्टकडे सप्टेंबरपासून पडून आहे. तुझा अर्ज ज्या दोन दारांमध्ये अडकला होता ती दारं अजून तशीच आहेत, आणि यावरून मला रात्री झोप येत नाही. मुलांचंही राहिलंय. आता नर्सिंगला मुलगेही येतात आणि २०१३चा कायदा त्यांच्यासाठी नाही, त्यांना कुठे पाठवायचं ते अजून नीट बसवायचंय.

सोबत एक पान पाठवतेय. फर्स्ट इयरच्या मुलींना ॲडमिशनच्याच दिवशी द्यायचं म्हणून लिहिलंय, मराठीत, मागच्या बाजूला तेलुगू आणि कन्नड करून घेणार आहे. लैंगिक छळाची, रॅगिंगची आणि इतर तक्रारींची अशा तीन समित्यांपैकी कुठे जायचं हे मुलीने ठरवायचं नाही, तिने फक्त सांगायचं, पुढचं आम्ही बघू, असं पहिल्याच ओळीत आहे. तू हे वाच. त्या वेळी तुझ्या हातात हे पान असतं तर कुठल्या ओळीवर तुझा विश्वास बसला नसता, तिथे पेनने खूण कर. माझी भीड ठेवू नकोस.

मी तेव्हा सही केली नाही. तू मला त्याबद्दल एकदाही बोलली नाहीस, माझ्या लग्नात चार दिवस राबलीस, तरी बोलली नाहीस. मला माफ कर, सुमे. तेरा वर्षं झाली हे म्हणायला.

पानाच्या खाली अर्जाचा नमुना आहे. त्यात इतर मुलींच्या सह्यांसाठी जागा ठेवलेली नाही. प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, लागत नाहीत, एकीचं नाव पुरतं.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी येणार असशील तर पान तेव्हाच घेऊन ये, नंदीध्वजाच्या दिवशी मला सुट्टी आहे. बाबांना नमस्कार सांग. त्यांना शेंगाचटणी आवडते, आई कुटून ठेवणार आहे.

तुझी,
विजू